शेडच्या पत्त्यावर आलेला पंप

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

मार्चनंतर या वहीत एक ओळ नाही. शेवटची नोंद मुलीच्या, आकांक्षाच्या, हॉस्टेलच्या गादीबद्दल आहे. चूक माझीच. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होतो, पण तेवढं खोटं बोलायला वही कशाला लागते, ते काम मी घरात रोज करतो. जे लिहायला हवं होतं ते लिहायची लाज वाटत होती, हे खरं कारण.

तेव्हा आता तपासणी अहवालाच्या भाषेत लिहितो, म्हणजे लाज वाटणार नाही.

होळीच्या सुमारास सदर इसमाच्या (वय ४६, बी.एस्सी. कृषी, मुक्काम टेंभुर्णी) खाजगी अवयवात दुखू लागले. दुखणे पावसाळ्यापर्यंत गेले, मात्र जाताना मागे एक बाक ठेवून गेले. प्रत्यक्ष पाहणीत असे आढळले की अवयव एरवी सामान्य असून ऐन कामाच्या वेळी वर आणि किंचित डावीकडे वळतो. वरच्या अंगाला हरभऱ्याएवढा कडक भाग हाताला लागतो.

माझं नाव भुजंग आहे. यावर कुणी काही बोलू नये.

आमचं काम मिरचीच्या संकरित बियाण्याचं. कंपनीसाठी शेडनेटमध्ये प्लॉट घ्यायचे, इतर शेतकऱ्यांचे तपासायचे. बायका चिमट्याने मादी झाडाच्या कळीतले पुंकेसर उपटतात, दुसऱ्या दिवशी त्याच फुलाला नर झाडाचा पराग लावतात आणि खूण म्हणून लाल दोरा बांधतात. याला क्रॉसिंग म्हणतात. म्हणजे एका हंगामात लाखभर फुलांचं पौरुष मी पगार देऊन काढून घेतो. एप्रिलमध्ये एकदा वाटलं, हा त्या फुलांचा तळतळाट असेल. मी विज्ञानाचा पदवीधर आहे, तरी वाटलं. नोंद असावी.

बायकोला, दैवशालाला, सांगितलेलं नाही. होळीपासून मी बाहेरच्या खोलीत झोपतो. तेव्हा कारण पाठदुखीचं होतं. आता हंगाम लागल्यापासून कारण परागाचं आहे. पराग बल्बखाली वाळत ठेवतात, बल्ब फार तापला तर पराग मरतो, म्हणून कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. हे पुष्कळसं खरं आहे. गेल्या हंगामात ते बल्ब एकटेच जळत होते, एवढं सोडून.

तिने काही विचारलं नाही. म्हणजे पटलं.

१२ नोव्हेंबर

कंपनीची मीटिंग आहे असं सांगून संभाजीनगरला गेल्तो. मोठे डॉक्टर सुट्टीवर. त्यांच्या जागी डॉ. ज्योत्स्ना, वयाने माझ्या पुतणीएवढ्या. मी उठून म्हणालो, नंतर येतो. त्या केसपेपर बघून म्हणाल्या, "काका, आठ महिने नंतरच करताय ना? बसा."

बसलो. पुढचं सगळं अर्ध्या तासात उरकलं आणि त्यातलं बरंचसं मी छताकडे बघत ऐकलं. सोनोग्राफी झाली. त्यांनी बाकाचा फोटोही मागितला. मी म्हणालो, बाक काय सांगून येतो का. त्या म्हणाल्या, घरी काढून आणा, डोकं येऊ देऊ नका. कुणाचं डोकं ते विचारलं नाही.

आजाराचं नाव पेरोनी. कॅन्सर नाही, कुणाकडून लागलेला नाही, कुणाला लागणार नाही. आतलं आवरण कधीतरी दुखावतं, तिथे व्रण धरतो, व्रण ताणला जात नाही, म्हणून ताठ होताना त्या बाजूला वाकतं. काही मार लागल्याचं आठवतं का, असं विचारलं. आठवलं. पण त्या प्रसंगी दैवशालाही हजर होती. तिच्या परवानगीशिवाय तपशील लिहिणं बरोबर नाही.

दुखणं थांबलंय आणि बाक तीन महिने आहे तेवढाच आहे, तेव्हा ऑपरेशनच्या आधी यंत्राने प्रयत्न करून बघू म्हणाल्या. यंत्रं दोन. एक निर्वात पंप. प्लास्टिकची नळी चढवायची, हवा काढायची, सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा वेळ. दुसरं ताणाचं यंत्र. दोन दांड्यांची चौकट, अवयव त्यात धरून हळूहळू ओढत न्यायचा. बनावटीप्रमाणे रोज अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत, आणि हे महिनोन्‌महिने. बाकासाठी ताणावर जास्त अभ्यास झालेत. पंपानेही काहींना फरक पडतो, पण पुरावा कमी. जादू दोन्हींत नाही. त्यांचा कल ताणाकडे.

मग विचारलं, "काकूंना माहितीये का?"

मी म्हणालो, त्यांचं क्रॉसिंग चालू आहे.

त्यांनी पेन खाली ठेवलं. क्रॉसिंग म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागलं.

१५ नोव्हेंबर

तीन दिवस विचार करून राह्यलो. दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडतो.

ताण. तत्त्व माझ्या ओळखीचं आहे. शेडमध्ये आम्ही प्रत्येक झाडाला सुतळी बांधून वरच्या तारेला ताणतो, म्हणजे झाड सरळ वाढतं. हजारो झाडं मी अशी सरळ केली. मिरचीच्या झाडाने कधी तक्रार केली नाही. पण मिरचीचं झाड पॅन्ट घालून भोकरदनच्या तालुका कार्यालयात जात नाही. ती चौकट चढवून घरात तासभर बसायचं म्हणजे घरात कुणाला तरी माहीत असायला हवं.

पंप. दिसायला फवारणी पंपाचा धाकटा भाऊ, फक्त उलटा चालणारा. मोरीत पाणी तापेपर्यंत काम उरकतं. खोकं लहान.

पंप घ्यायचं ठरवलं. आता स्वतःला विचारतो, का? डॉक्टर ताण म्हणाल्या, पुरावा ताणाकडे, माझा अनुभव (झाडांचा का होईना) ताणाकडे. तरी पंप. कारण पंप लपतो. हे कारण वैद्यकीय नाही, हे मला कळतं. कळूनही ऑर्डर केली. डॉक्टरांना कळवलंय, त्यांनी फक्त "ठीक आहे, पत्रक नीट वाचा" एवढं उत्तर पाठवलं.

पत्ता घराचा दिला नाही. शेडचा दिला. तिथे रोज काही ना काही येतं, चिमटे, दोरे, परागाच्या कुप्या. त्यात एक खोकं कोण बघतो.

संध्याकाळी दैवशाला म्हणाली, आकांक्षाच्या मेसचं जेवण नीट नाही, संभाजीनगरला एक खोली घेते आणि तिची परीक्षा होईपर्यंत तिच्याजवळ राहते. मी लगेच हो म्हणालो. चांगलंच झालं. घर मोकळं मिळालं तर ताणाचंही बघता येईल.

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. तिला खर्चाची काळजी वाटत असावी. मी म्हणालो, खर्चाचं काही मनात आणू नको, निवांत राहा. ती आत गेली.

१९ नोव्हेंबर

दैवशालाने जेवताना त्या दिवशीच्या मीटिंगची चौकशी केली. कोणत्या हॉटेलात होती, जेवायला काय होतं, बरोबर कोण होतं. पुरी-भाजी होती म्हणालो. "पोट बरं होतं ना?" म्हणाली. एवढ्या कामात तिला माझ्या पोटाची आठवण राहते, याचं बरं वाटलं. आणि स्वतःची लाजही वाटली, कारण त्या दिवशी मी बसस्टँडवर नुसता वडा खाल्ला होता.

नवीन साडी नेसली होती. मी विचारलं, कुठे जायचंय का? न्हाई म्हणाली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आजचा दिवस आजच लिहून टाकतो.

सकाळी भोकरदनला गेल्तो. गेल्या आठवड्यात कंपनीने ग्रुपवर टाकलं होतं की पराग ओढून घेणारं हातपंपाचं नवीन यंत्र काही प्लॉटवर चाचणीसाठी येईल. मी ते वाचून विसरलो होतो. बायकांची मुकादम बेबीनंदाबाई विसरल्या नव्हत्या.

परत आलो तर शेडमध्ये काम थांबलेलं. सगळ्या बायका नर झाडांच्या ओळीपाशी गोळा झालेल्या. मधोमध बेबीनंदाबाई माझा पंप एका मिरचीच्या झाडावर धरून हवा ओढत होत्या. नळीत पानासकट फांदी गेलेली. मला बघून म्हणाल्या,

"साहेब, मशीन भारीये, पर कंपनीनं तोंड लई मोठं ठेवलंय. एक फूल धरायला गेलं की आख्खी फांदी आत येऊन राह्यली."

मागून कुणीतरी म्हणालं, फांदी आत गेल्यावर सुजती पण गं. पाच-सहा जणींनी तोंडाला पदर लावला. मी म्हणालो, हे चाचणीचं यंत्र आहे, अजून मंजूर नाही, ठेवा. हसायचं कारण काय ते मला कळलं नाही. नव्या यंत्राला बायका हसतातच.

आणि दैवशाला तिथेच होती. ती कधी नव्हे ते दुपारी डबा घेऊन आली होती. शेजारच्या मादी झाडांच्या ओळीत बसून दोरे बांधत होती. मान वर न करता बेबीनंदाबाईला म्हणाली, "कंपनीवाल्यांला फुलाचं माप काय ठाऊक. दे इकडं, त्याच्यात माती जाईल." यंत्र घेतलं, फांदी सोडवली, खोक्यात घातलं, खोकं स्वतःच्या मांडीखाली ठेवलं आणि पुन्हा दोरे बांधायला लागली.

संध्याकाळी बघतो तर पंप बाहेरच्या खोलीत, बल्बशेजारी, धुऊन पुसून, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला. पराग लागला म्हणून धुतला असणार. ती भांडीही अशीच ठेवते.

खोक्यात वापराचं पत्रक मात्र नाही. शेडमध्येच कुठेतरी पडलं असावं. उद्या शोधलं पाहिजे, कुणाच्या हाती लागलं तर अनर्थ. पण नशीब म्हणायचं. एवढ्या बायका, एवढा वेळ, आणि कुणाला काहीच कळलं नाही.

२७ नोव्हेंबर

पत्रक सापडलं नाही. तरी काल सकाळी मोरीत पंप लावला. किती हवा काढायची याचा अंदाज मी फवारणी पंपावरून घेतला. हाताला कडक लागेपर्यंत. हा अंदाज चुकीचा आहे, हे पुढे कुणी ही वही वाचली तर त्याने ध्यानात घ्यावं. सगळीकडे लाल-जांभळे ठिपके आले. करवंदाच्या जाळीत पडल्यासारखं दिसतंय.

डॉ. ज्योत्स्नांना फोन केला. शेतात, मोटारीच्या आवाजाच्या आडून. त्या म्हणाल्या, घाबरू नका, पण ठिपके जाईपर्यंत बंद, आणि मी तपासल्याशिवाय पुन्हा लावायचा नाही. पत्रक वाचलं नव्हतं का? हरवलं म्हणालो. मग पुन्हा तोच प्रश्न, काकूंना सांगितलं का. मी म्हणालो, आवाज कटून राह्यलाय. आवाज अगदी स्पष्ट येत होता.

दुपारी बेबीनंदाबाईंनी अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "साहेब, मशीनीचा काही उपयोग झाला का?" मी म्हणालो, चाचणी थांबवली आहे. "अरेरे," म्हणाल्या, आणि पलीकडच्या ओळीत कुणाला तरी इतका खोकला लागला की पाणी द्यावं लागलं. धुळीचा त्रास आहे या शेडमध्ये. मास्क मागवायला हवेत.

दैवशाला रविवारी निघणार. सामान बांधून राह्यली. कुकर, मिक्सर, गोधड्या, तिच्या आईने दिलेला तांब्याचा हंडा. परीक्षेपुरतं जाताना हंडा कशाला, हे विचारणार होतो. पण मध्ये बोललं की तिचं सामान राहून जातं.

दिवाळीत काढलेला आमचा दोघांचा फोटो तिने घेतलेला नाही. इथे मला लागेल म्हणून ठेवला असेल.

वरचं वाक्य पुन्हा वाचलं. हंडा घेतला आणि फोटो ठेवला. मी रोज दुसऱ्यांचे प्लॉट तपासतो, कुठलं झाड वेगळं दिसतंय ते मला बांधावरून कळतं. स्वतःच्या घरात मी नेमकं काय तपासलं?

२९ नोव्हेंबर, शनिवार

जसं झालं तसं लिहितो.

दुपारी बायका जेवायला शेडबाहेर गेल्या. दैवशाला आत होती, शेवटच्या ओळीत, दोरा नसलेल्या मिरच्या तोडत. दोरा नाही म्हणजे क्रॉसिंग झालेलं नाही, त्या बियाण्यात चालत नाहीत, तोडाव्याच लागतात. मी जाऊन समोरच्या बाजूने त्याच झाडाला लागलो. म्हणालो, हंडा कशाला नेतेस?

ती म्हणाली, "माझाये."

मग तिने कमरेचं पत्रक काढलं. पंपाचं. घडी घालून घालून मऊ पडलेलं. म्हणाली, "बारावीला इंग्रजीत माझे मार्क तुमच्यापेक्षा जास्त होते. सगळं वाचलं. कोण आहे ती?"

मला खरोखर कळलं नाही. कोण कोण?

"माझ्याकडं होळीपासून पाठ करून झोपता. पाठ तरी कुठं, खोलीच बदलली. मीटिंग म्हणून संभाजीनगरला जाता, त्या दिवशी कंपनीची मीटिंगच नव्हती, बेबीनंदानं फोन लावून इचारलं. अन् हे मशीन मागवता, ते पण घराच्या पत्त्यावर न्हाई. माझ्यासाठी तर न्हाई ना? मंग कुणासाठी?"

हे सगळं ती मिरच्या तोडत तोडत, आवाज न चढवता बोलली. मी तिथे उभा राहून पहिल्यांदा माझ्या आठ महिन्यांकडे तिच्या बाजूने बघितलं. इतका व्यवस्थित पुरावा मी कुठल्याच अहवालात जोडला नसेल.

मी म्हणालो, कुणी नाही. माझ्यातच दोष आहे. त्यात... बाक आलाय.

तिचे हात थांबले. "कशात?"

मी खाली बघितलं. तिनेही बघितलं. मग मी एका दमात सगळं सांगितलं. होळी, हरभरा, पुतणीएवढी डॉक्टर, फोटो, दोन यंत्रं, करवंदं. शेड तापलं होतं आणि माझा सदरा भिजला होता. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "केवढा बाक?"

मी हाताने दाखवायला लागलो, पण नीट जमेना. तिने दोरा नसलेल्या मिरच्यांच्या टोपलीतून एक उचलली. "असा?" जास्त वाकडी होती. दुसरी उचलली. मी म्हणालो, याहून थोडा कमी. तिने तिसरी उचलली, आणि मी मान हलवली.

ती त्या मिरचीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढ्यासाठी?"

"दुखायचं आधी. आणि मला वाटलं, तुला..."

"वाकडी मिरची काय तिखट लागत न्हाई का?"

मी हसलो. मला वाटलं, सुटलो. ती हसली नाही. खाली बसली आणि रडायला लागली, आणि रडत रडत माझ्या पायावर ती टोपली ढकलली.

"तुम्ही बाहेर बल्ब बघत बसले. मी इकडं आठ महिने आरसा बघून राह्यले. म्हटलं, जाडी झाले का, केस पिकले, काय झालं. साडी घेतली नवी. तुम्ही म्हणले, कुठं जायचंय का."

मीही तिच्याजवळ खाली बसलो. ओळीत जागा अरुंद, दोघं नीट मावत नव्हतो. झाडांना लागू नये म्हणून ती मला चिकटून बसली. सुतळ्या मात्र दोन तुटल्या.

तिने नाक पुसून विचारलं, डॉक्टरनं कोणतं सांगितलं होतं?

ताणाचं.

मंग पंप का आणला?

लपवता येतो म्हणून.

तिने माझ्याकडे असं बघितलं की पुंकेसर उपटताना बायका कळीकडे बघतात ते आठवलं. मी विचारलं, बाकीच्यांना तर काही कळलं नाही ना?

"खोक्यावर चित्र होतं," ती म्हणाली. "त्यांनी मला दिसू नये म्हणून मिरचीचं सोंग केलं. मी त्यांच्यासमोर तुमची इज्जत जाऊ नये म्हणून कंपनीचं सोंग केलं. सगळ्या झाकून राह्यल्या होत्या. तुम्ही एकटेच म्हणत होते, चाचणीचं यंत्र."

बायका जेवून आत आल्या. बेबीनंदाबाईंनी आम्हा दोघांकडे बघितलं, दैवशालाच्या डोळ्यांकडे, तुटलेल्या सुतळ्यांकडे. मग सुतळीचा गुंडा आणून माझ्या हातात दिला.

३० नोव्हेंबर, रविवार

दैवशाला गेली नाही. अगदीच नाही असं नाही. आकांक्षाला शब्द दिलाय म्हणून बुधवारी चार दिवसांसाठी जाणार, आणि मी बरोबर जायचं, दवाखान्यात दोघांनी. डॉ. ज्योत्स्नांना तिनेच फोन केला. दोघी बराच वेळ बोलल्या. माझा उल्लेख "हे" असा होत होता आणि तो मला उद्देशून होता की प्रस्तुत अवयवाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. ताणाचं यंत्र डॉक्टर मापाप्रमाणे सुचवणार आहेत, तेही ठिपके गेल्यावर आणि तपासल्यावर. तोवर घाई नाही. बाक पूर्ण जाईल असं त्यांनी कबूल केलेलं नाही. दैवशालाने ते दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाली, बरं.

रोज तासभर लागला तर तो तास कोणता, यावर थोडी चर्चा झाली. ती म्हणाली, संध्याकाळी मी भाजी निवडते तेव्हा समोर बसा, निदान तेवढा वेळ तरी कुठं जाणार न्हाई तुम्ही.

कुकर परत ओट्यावर आलाय. हंडा अजून बांधलेलाच आहे. का, ते विचारलं नाही, कारण मला वाटतं कळलं.

पंप परत पाठवता येत नाही. बेबीनंदाबाई म्हणतात, फेकू नका, ठिबकच्या नळीत कचरा अडकला की ओढायला कामाला येईल.

पराग वाळतोय. बल्ब एकटेच जळू देत. गेल्या हंगामात जळत होतेच.

उद्या : बाहेरच्या खोलीतली खाट सकाळीच उचलून शेडवर टाकून येणे.